सुमतीबाईंचे सात कप्पे

मित्रांनो, मला बघून तुम्ही म्हणाल, हे कसलं अवजड धूड! म्हणा खुशाल. मला राग नाही. मी सागवानी कपाट आहे, वय अडतीस वर्षं, उजवा दरवाजा जरा खाली आलेला, आरशावर चार काळे डाग. भिवंडीत, कामतघरच्या एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, झोपायच्या खोलीत भिंतीला पाठ लावून मी उभा आहे. कपाटाने गप्प राहावं अशी आमची रीत आहे आणि इतकी वर्षं मी ती पाळली. आता मात्र बोलणार आहे, कारण या खोलीत जे घडलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त मी पाहिलं.

माझी जुळणी भिवंडीजवळच्या शेलार गावात झाली, तुळशीराम सुताराच्या अंगणात. मापं सांगायला सुमतीबाई आणि सुधीरराव असे दोघं नवराबायको आले होते. सुधीरराव कचेरीत कारकून. सुमतीबाई एका मराठी शाळेत पहिलीच्या वर्गाला शिकवायच्या.

"चार कप्पे काढतो बाई, मधी एक तिजोरी, झालं काम," तुळशीराम म्हणाला.

"तिजोरीत ठेवायला आहे काय आमच्याकडे? सात कप्पे काढा. सगळे एका मापाचे."

"सात? लोकं चार सांगतात. सात कशाला पायजेत?"

"आठवड्याला वार किती असतात?"

तुळशीरामाने सुधीररावांकडे बघितलं. ते हसले. "काढा हो सात. आमच्या घरात बाईंपुढे कोणाचं चालत नाही."

आता हे वारांचं काय ते ऐका. सुमतीबाईंच्या वर्गात कापडाचे माग चालवणाऱ्यांची पोरं यायची. कोणाच्या घरी तेलुगू, कोणाच्या घरी हिंदी. सोमवार, मंगळवार त्यांच्या डोक्यात काही केल्या शिरेना. मग बाईंनी ठरवलं, रोज वाराच्या रंगाची साडी नेसायची. सोमवारी पांढरी, मंगळवारी लाल, बुधवारी हिरवी, गुरुवारी पिवळी, शुक्रवारी गुलाबी, शनिवारी निळी. रविवारी घरी, केशरी. महिन्याभरात अख्खा वर्ग फाटकातूनच ओरडायला लागला, "बाई हिरव्या! आज बुधवार!" पालक म्हणायचे, बाई, आमचं पोरगं घरात सगळ्यांना वार सांगत सुटलंय. ते कौतुक बाईंचं होतं खरं, पण मला वाटायचं त्यात थोडं माझंही आहे.

कारण तो आठवडा माझ्यात राहायचा. डावीकडे वरून खाली चार कप्पे, सोमवार ते गुरुवार. उजवीकडे तीन, शुक्रवार ते रविवार, आणि त्यांच्यावर सुधीररावांच्या शर्टांचा आडवा खण. प्रत्येक कप्प्यात त्या वाराच्या दोन-तीन साड्या, त्यांचे ब्लाउज, परकर, हातरुमाल, सगळं एकाच जागी. पहाटे दार उघडायचं, आजच्या कप्प्यातला एक गठ्ठा उचलायचा, दार लावायचं. सुमतीबाईंना माझ्यापुढे कधी दोन मिनिटांहून जास्त लागली नाहीत. त्यांचा मुलगा मिहिर माझ्यासमोर उभा राहूनच वार शिकला. बोट लावून म्हणायचा, आणि दर वेळी शनिवारला गुरुवार म्हणायचा.

वर्षं गेली. ब्राह्मण आळीतलं भाड्याचं घर सोडून ही मंडळी कामतघरला आली, तेव्हा जिन्यात वळवताना माझा एक पाय मोडला. अजून खाली लाकडाची पाचर आहे. मिहिरचं लग्न झालं, नीरजा आली, मग ओवी झाली. सुमतीबाई निवृत्त झाल्या आणि शेवटच्या दिवशी शाळेतून फळा पुसायचं एक लाकडी डस्टर तेवढं घेऊन आल्या. साड्या मात्र वारानेच नेसत राहिल्या. नीरजा कधीतरी चेष्टेत म्हणायची, "आई, आता कुठे शाळेत जायचंय तुम्हाला?" त्या म्हणायच्या, "राहू दे गं, हाताला वळण पडलंय."

तीन वर्षांपूर्वी सुधीरराव गेले. हृदयविकाराचा झटका, दवाखान्यात पोचायच्या आत. त्यांचे शर्ट वरच्या खणात तसेच राहिले. आणि त्यानंतर सुमतीबाई विसरायला लागल्या. आधी वस्तू, मग नावं, मग गॅस. एकदा दूध करपून घरभर धूर झाला. मिहिरने त्यांना डॉक्टरांकडे नेलं. आजाराचं नाव कळलं, औषध फारसं नाही हेही कळलं. डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती: जे त्यांचं त्यांना येतंय ते त्यांना करू द्या.

त्या दिवशी संध्याकाळी मिहिर आणि नीरजा याच खोलीत बोलत बसले. नीरजा एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करते, सकाळी साडेसातला घर सोडते.

"मिहिर, मी स्पष्ट सांगते. त्या आपले कपडे आपण घालतायत, आंघोळ करतायत, तोवर त्या घरी. भांड्यांना येते ती कमळ, तिलाच दिवसभर बोलवू सोबतीला. पण ते थांबलं की मला एकटीला नाही जमायचं. मग आपल्याला संस्था बघावी लागेल."

मिहिरने मान खाली घातली. "तोवर खूप वेळ आहे," तो म्हणाला.

मुलांनो, नीरजाला वाईट म्हणू नका. मी तिला रोज दमून पलंगावर पडताना बघितलंय. पण तुम्हाला कळलं ना, की काय पणाला लागलं होतं? सकाळी उठून स्वतःची साडी स्वतः नेसणं. तेवढ्यावर सुमतीबाईंचं घर टिकून होतं.

आणि त्या ते करत होत्या! कसं, ते मी रोज बघत होतो; घरात कोणाला पत्ता नव्हता. आज कुठला वार हे त्यांच्या लक्षात राहीना, तेव्हा त्यांनी त्या डस्टरला कामाला लावलं. आजच्या कप्प्यातले कपडे उचलायचे की लगेच डस्टर पुढच्या कप्प्यात सरकवायचं. दुसऱ्या दिवशी दार उघडलं की डस्टर जिथे, तो आजचा वार. लक्षात काही ठेवायलाच नको. ही युक्ती त्यांना कोणी शिकवली नाही आणि त्यांनी कोणाला सांगितलीही नाही. लाज वाटत असावी. सातच्या ठोक्याला त्या नीटनेटक्या होऊन बाहेर जायच्या आणि म्हणायच्या, "आज गुरुवार." मिहिर चार्जर शोधता शोधता म्हणायचा, "हो आई." दरवाजाआडून ते ऐकून माझा ऊर भरून यायचा. मला वाटायचं, आहोत आपण अजून उपयोगाचे.

मग जागेचा प्रश्न आला. ओवी नऊ वर्षांची झाली होती, आजीजवळ याच खोलीत झोपायची, आणि तिचे कपडे पलंगाखाली दोन बॅगांत. रोज बॅगा बाहेर, रोज आत. एके सकाळी बाहेर राहिलेल्या बॅगेला अडखळून सुमतीबाई पडल्या. गुडघा फुटला. नीरजा म्हणाली, "या पोरीच्या कपड्यांना एक जागा करून द्या, नाहीतर उद्या हाड मोडेल." बरोबरच होतं तिचं.

मिहिरने माझे दोन्ही दरवाजे उघडले आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. तो राहनाळच्या एका मोठ्या गोदामात सुपरवायझर आहे. हजारो खोकी, आणि कुठला माल कुठल्या रॅकला लावायचा हे ठरवणं हीच त्याची ड्युटी. त्याने रॅक नव्याने लावून निम्मं गोदाम मोकळं केलं म्हणून त्याला कंपनीने बक्षीसही दिलं होतं.

"जागा भरपूर आहे गं," तो म्हणाला. "लावणी चुकीची आहे. सात कप्प्यांत सात वेळा तेच. वर्गाला वार शिकवायचे दिवस गेले आता. रविवारी तू आईला आणि ओवीला घेऊन कल्याणच्या साखरपुड्याला जा. मी एका दिवसात करतो."

"आईंना विचारलंस का?"

"तिला काय विचारायचं? ती म्हणेल राहू दे. आल्यावर बघून खूश होईल बघ."

झालं. इतकंच बोलणं झालं.

रविवारी त्याने आधी मोबाइलवर माझा फोटो काढला. गोदामातली सवय, आधीचा आणि नंतरचा. मग मला पूर्ण रिकामं केलं. पलंगावर साड्यांचा ढीग झाला. गोदामाचा नियम आहे, एका जातीचा माल एका जागी. म्हणून सगळ्या साड्या एकत्र, सगळे ब्लाउज एकत्र, सगळे परकर तिसरीकडे, रुमाल एका डब्यात. साड्या त्याने आडव्या न ठेवता उभ्या लावल्या, पुस्तकं लावतात तशा. निम्म्या जागेत बसल्या! दुसरा नियम, वर्षभरात जो माल हलला नाही तो बाहेर. विटलेल्या, विरलेल्या अकरा साड्या पोत्यात गेल्या. मग त्याने वरच्या खणातला वडिलांचा एक शर्ट काढला, नाकाला लावला आणि त्याची पुन्हा घडी घातली. शेवटी तो आणि बाकीचे सगळे शर्टही पोत्यात टाकले. भिवंडीत जुन्या कापडाला गिऱ्हाईक लगेच मिळतं. माग पुसायला चिंधी लागतेच. दुपारी चिंधीवाला पोतं घेऊनही गेला.

उजवीकडचे तीन कप्पे ओवीला मिळाले. डस्टर तिच्या पट्टी-पेन्सिलींच्या डब्यात गेलं. आणि प्रत्येक कप्प्याला मिहिरने चिठ्ठी लावली, आईला चष्म्याशिवाय वाचता यावी म्हणून टपोऱ्या अक्षरांत: साड्या. ब्लाउज. परकर. रुमाल. ओवी, शाळा. ओवी, घर. ओवी, वह्या.

खोटं कशाला बोलू? मला आवडलं. बिजागऱ्यांना तेल मिळालं, आतून ओल्या फडक्याने पुसलं, मी हलका झालो, देखणा झालो. अडतीस वर्षांत मला इतकं कोणी निरखलं नव्हतं. मी त्या दिवशी आरशात ऊन पकडून मिरवत होतो. त्याची शरम मला अजून वाटते.

संध्याकाळी सगळे परत आले. मिहिरने दरवाजे उघडून दाखवले. ओवी उड्या मारायला लागली. सुमतीबाईंनी एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचली, एकही अक्षर न चुकता.

"बघ, सगळं वाचते आई," मिहिर नीरजाला म्हणाला.

"अक्षर छान आहे," सुमतीबाई म्हणाल्या. "कोणाच्या वर्गातला मुलगा?"

सगळे हसले. त्यांना ती चेष्टा वाटली.

सोमवारी सकाळी त्यांनी मला उघडलं. डोळे डावीकडे वर गेले, मग खाली, मग उजवीकडे. हात पुढे आला, थांबला. एक साडी ओढली, निळी निघाली. ब्लाउजच्या कप्प्यात वीस ब्लाउज. एक हातात घेतला, ठेवला. दुसरा घेतला, ठेवला. परकर कुठे ते शोधेपर्यंत साडी कशाला काढली ते विसरल्या. त्यांनी डस्टरसाठी प्रत्येक कप्प्यात हात घालून चाचपलं. ते मिळेना. बाहेरून नीरजाने विचारलं, "आई, उठलात का?" त्या म्हणाल्या, "हो, येते." आणि साडी मांडीवर घेऊन गाऊनमध्येच पलंगावर बसून राहिल्या. नीरजा कामावर गेली, मिहिर गेला. आज आई जरा आराम करतेय, असं त्याला वाटलं.

दहा वाजता कमळ आली. ती शेलारहून यायची, चार वाजेपर्यंत थांबायची.

"बाई, न्हाय नेसलात अजून?"

"आज सुट्टी आहे."

"कसली वो?"

"असेल कसलीतरी," त्या म्हणाल्या आणि त्यांचे डोळे भरून आले.

कमळने मला उघडलं आणि कपाळाला हात लावला. "आगं बाई! ह्ये काय केलं यांनी!" तिने चार ठिकाणांहून चार वस्तू गोळा केल्या आणि बाईंना साडी नेसवली. कोणाला काही बोलली नाही. नीरजाची अट तिला ठाऊक होती. आपण सांगितलं तर बाईंना घराबाहेर काढतील, ही भीती. मंगळवारी तेच. बुधवारी तेच. संध्याकाळी मुलगा-सून घरी यायचे तेव्हा बाई नीट नेसलेल्या असायच्या. सकाळच्या घाईत, हल्ली त्या उशिरा उठतात, एवढंच वाटायचं; मग कोणाला शंका कशाला येईल? अकरा दिवस कमळने झाकलं; मधल्या रविवारी तर बाईंचे केस धुवायच्या निमित्ताने ती सकाळी सहालाच आली. मी आतून फुटत होतो, मित्रांनो. लाकडाला फार तर करकरता येतं. मी करकरलो, तर मिहिरने पुन्हा बिजागरीत तेल सोडलं.

बाराव्या दिवशी काय झालं ते ऐका. सकाळचे सव्वासात. नीरजा आंघोळीला गेलेली, मिहिर ओवीला शाळेच्या व्हॅनपर्यंत सोडायला खाली. सुमतीबाईंनी परकर घातला, एक ब्लाउज उलटा घातला आणि साडी शोधताना त्यांची नजर खालच्या चिठ्ठीवर गेली.

"शाळा," त्यांनी वाचलं. चेहरा एकदम बदलला. "अगं बाई, उशीर झाला!"

ओवीच्या कप्प्यातला एक टाय त्यांनी मुठीत घेतला आणि तशाच, परकरावर, अनवाणी निघाल्या. दार उघडल्याचा आवाज मी ऐकला. त्यानंतर नळाचाच आवाज येत राहिला.

पुढचं मला ऐकून कळलं. त्या रस्त्याने सरळ चालत सुटल्या. रिक्षावाले थांबून बघायला लागले. कोणी हात धरायला गेलं की म्हणायच्या, "सोडा, घंटा झाली." एकाने मोबाइल काढला. शेवटी तळमजल्यावर शिवणकाम करणारी रूपा दूध आणायला गेली होती, तिने बघितलं. तिने आपली ओढणी त्यांच्याभोवती गुंडाळली, जमलेल्या लोकांना चार शिव्या घातल्या आणि रिक्षात घालून त्यांना घरी आणलं. पायाला काच लागली होती. ओवीचा टाय मुठीतून सुटत नव्हता.

त्यांना पलंगावर निजवलं. नीरजा तिथेच, माझ्यासमोर, ओल्या केसांनी बसली होती. तिच्या मोबाइलवर इमारतीच्या ग्रुपमध्ये वीस सेकंदांचा तो व्हिडिओ येऊनही गेला होता. तिने तो मिहिरला दाखवला नाही. फक्त म्हणाली, "आता नाही जमणार रे मला. खरंच नाही."

तेवढ्यात कमळ आली. तिने सगळं ऐकलं, बाईंचा पाय पाहिला आणि तिथेच जमिनीवर बसली.

"दादा, रागावू नका. माझी चूक हाय, मी आधीच बोलायला पायजे व्हतं. बाईंचं वार गेलं."

"म्हणजे काय?"

"ह्या कपाटात त्यांचं वार व्हतं. एक कप्पा, एक वार. सगळं एका जागी. धुतलेलं ठेवताना माझ्या ध्यानात आलं, त्यो लाकडाचा डस्टर सकाळी ज्या कप्प्यात, तो आजचा. उचलायचं, घालायचं, डस्टर पुढं सरकवायचा. त्यांना तेवढंच येत व्हतं दादा. पन येत व्हतं."

मिहिरने माझे दरवाजे उघडले आणि आपल्याच चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या.

"डस्टरचं मला कोणी सांगितलं का नाही?"

"तुमी विचारलं कुठं?" कमळ म्हणाली.

त्या दिवसापासून तो झपाटल्यासारखा कामाला लागला. रजा टाकली. मोबाइलवरचा तो आधीचा फोटो मोठा करून करून बघितला आणि कुठल्या कप्प्यात काय होतं ते कागदावर उतरवलं. पोत्यात गेलेल्या साड्यांसाठी निजामपुऱ्यात चिंधीवाल्याकडे जाऊन आला. परत आला तो हात काळे करूनच.

"डोंगर आहे तिथे चिंध्यांचा," तो नीरजाला म्हणाला. "तीन तास उपसला. साड्यांचे तुकडे करून टाकलेत. बाबांचा एक शर्टसुद्धा सापडला नाही."

मग त्याने बाजारातून त्याच रंगांच्या सुती साड्या आणल्या. नव्या वाटू नयेत म्हणून नीरजाने त्या तीन-तीनदा धुतल्या. हो, नीरजानेच. रात्रंदिवस दमणारी ती बाई, पण एकेक घडी तिने फोटोत बघून तशीच घातली. चिठ्ठ्या खरवडून काढल्या. ओवीचे कपडे पुन्हा बॅगांत गेले आणि तिने हूं की चूं केलं नाही. सोमवारच्या कप्प्यात डस्टर ठेवलं. मी पुन्हा जसाच्या तसा झालो, अगदी जसाच्या तसा. मला खात्री होती, मित्रांनो. मला वाटलं, आता बघा.

सोमवारी सकाळी सगळे खोलीत उभे राहिले. कमळ मुद्दाम लवकर आली होती. मिहिरने आईला माझ्यासमोर आणलं आणि स्वतः मागे झाला. सुमतीबाईंनी दरवाजे उघडले. वरच्या कप्प्यातली पांढरी साडी, तिच्यावर ब्लाउज, शेजारी डस्टर. त्यांचा हात पुढे आला. त्यांनी साडीच्या घडीवरून बोटं फिरवली आणि एक कोपरा बाहेर आला होता तो आत सारला, नेहमी सारायच्या तसा. नीरजाने मिहिरचा दंड घट्ट धरला. कमळ पुटपुटली, "उचला बाई, उचला."

हात मागे आला.

"छान लावलंय," सुमतीबाई म्हणाल्या. "कोणाचं आहे हे?"

"तुझंच आहे आई," मिहिर म्हणाला. "बघ, तुझे सगळे वार. आज सोमवार."

"माझं नाही." त्या त्याच्याकडे वळल्या, आवाज वर्गातला, पण मऊ. "दुसऱ्याच्या कपाटाला न विचारता हात लावू नये. तुम्हाला बाईंनी शिकवलं नाही का?"

आणि त्यांनी माझे दोन्ही दरवाजे हलकेच लावून टाकले.

आणखी पंधरा दिवस रोज हा प्रयत्न झाला. रोज दरवाजे लागले. मग नीरजा त्यांना नेसवायला लागली. पण रोज सकाळी एक अनोळखी बाई येऊन आपले कपडे काढते, असं सुमतीबाईंना वाटायचं. त्या ओरडायच्या, मारायच्या. नीरजाच्या दोन्ही हातांवर ओरखडे उठले. लॅबमध्ये ती लांब बाह्यांचे कुडते घालून जायची. कमळच्या हातून काही दिवस नेसल्या, नंतर तेही बंद झालं. ओवी बाहेरच्या खोलीत झोपायला गेली. डॉक्टर म्हणाले, हे आज ना उद्या होणारच होतं, स्वतःला दोष देऊ नका. असेलही तसं. डॉक्टर शिकलेले आहेत. पण शनिवारी जी बाई दोन मिनिटांत नेसून बाहेर जात होती, ती सोमवारी गेली नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ते वर्ष-दोन वर्षं तरी पुढे गेलं असतं की नाही, सांगा मला.

श्रावण संपता संपता त्यांना मुरबाडच्या बाजूच्या एका संस्थेत नेलं. सामानाच्या यादीत होते सहा गाऊन, सगळे पुढून बटणांचे. साड्या नकोत, असं लिहिलं होतं. तरी मिहिरने एक हिरवी साडी बॅगेत घातली. नीरजाने ती बाहेर काढली नाही. निघताना सुमतीबाई शहाण्यासारख्या त्याचा हात धरून गेल्या. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि पाहणार तरी का? त्यांच्या लेखी मी दुसऱ्याचं कपाट.

साड्या पलंगाखालच्या बॅगांत गेल्या; आता माझ्यात जागाच जागा आहे. ओवीचं सगळं मावलं, तरी तीन कप्पे रिकामे. हवी होती ना जागा? घ्या आता. ओवीने एकदा विचारलं, "आजी परत आली की तिच्या साड्या कुठल्या वाराला कुठे ठेवायच्या, ते मी शिकून ठेवू?" नीरजा उठून स्वयंपाकघरात गेली.

मुलांनो, कपाटं आवरू नका असं मी म्हणत नाही. आवराच. आवरलं नाही की वाळवी लागते, झुरळं होतात, माणसं अडखळून पडतात. पण कपाट दुसऱ्याचं असेल, तर आधी ते माणूस शेजारी बसवा. त्याचं वय झालेलं असेल तर दोनदा बसवा. एकेक वस्तू हातात घ्या आणि विचारा, हे इथे का ठेवलंय? उत्तर वेडगळ वाटलं तरी पुरतं ऐकून घ्या. आणि हे सगळं, ते माणूस सांगू शकतंय तोवरच करा.

मिहिर आता विचारतो. दर रविवारी मुरबाडला जातो, खाटेशेजारी स्टूल घेऊन बसतो आणि म्हणतो, "तू कपाट कसं लावायचीस गं? मला सांग ना." नीरजा परवा कमळला फोनवर सांगत होती. म्हणे, सुमतीबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात आणि समजूत घालतात, "रडू नको हं बाळा. घरी गेलास की तुझ्या आईला विचार."